श्वासाचा हिशेब मांडणारे योगी : स्वामी कुवलयानंद

दर अंकात एका थोर व्यक्तीचा परिचय करून देण्याचा आमचा प्रयत्न असतो. या वेळी निवडलेले नाव मोठ्यांपैकी काहींना ठाऊक असेल, विद्यार्थ्यांपैकी मात्र फार थोड्यांना : स्वामी कुवलयानंद. ते मराठी होते, जन्म मात्र गुजरातचा, म्हणजे तुमच्या-आमच्यासारखाच. सुरतेच्या मराठी शाळेने त्यांची आठवण काढायला तेवढे कारण पुरेसे आहे. पण आणखी एक कारण आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरात घरोघरी एसी आले, खिडक्या बंद झाल्या आणि पाठोपाठ हवा शुद्ध करणारी यंत्रेही दुकानांत दिसू लागली. त्यातली काही हवेत ऋण आयन सोडतात. त्यामुळे खोलीत धबधब्याजवळ किंवा डोंगरावर असते तशी हवा तयार होते, मन प्रसन्न होते, दम्याला आराम पडतो, असे विक्रेते सांगतात. दुसरीकडे सकाळच्या योगवर्गात सांगतात की प्राणायामाने शरीरात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त ऑक्सिजन भरला जातो. पालक आम्हाला दोन्हींविषयी विचारतात. हवा आणि आरोग्य यांचा संबंध सांगणाऱ्या अशा दाव्यांचे काय करायचे, हा प्रश्न नवा नाही. शंभर वर्षांपूर्वी एका योग्याने तो स्वतःलाच विचारला आणि उत्तरासाठी ग्रंथांबरोबर प्रयोगशाळेतही गेले. त्यांची ही हकीकत.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी डभोई येथे झाला. डभोई वडोदऱ्याजवळचे जुने तटबंदीचे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते भेटते ते १७३१ सालच्या लढाईमुळे. त्या लढाईत थोरल्या बाजीरावांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचा पराभव केला होता. नंतर हा मुलूख गायकवाडांच्या राज्यात राहिला आणि नोकरीचाकरीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे तिथे रुजली. गुणे त्यांपैकीच. वडील गणेश लक्ष्मण गुणे शिक्षक होते, आईचे नाव सरस्वतीबाई. घरची परिस्थिती बेताची, किंबहुना ओढगस्तीची. जगन्नाथाचे शिक्षण बऱ्याच अंशी लोकांच्या मदतीवर झाले. त्या मदतीचे त्याने चीज केले. १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी दिली जाणारी मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याला मिळाली. आपल्या विद्यार्थ्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. संस्कृतात उत्तम गुण मिळवणे म्हणजे काय, हे त्या काळी या एका शिष्यवृत्तीवरून ओळखले जाई.

पुढे ते बडोदा कॉलेजात गेले. तिथे १९०६ पर्यंत श्री अरविंद घोष शिकवत होते. त्यांचा प्रभाव आणि लोकमान्य टिळकांचे राजकारण या दोन्हींनी त्या पिढीतील मुले भारावलेली होती. १९०७ च्या डिसेंबरात आपल्या सुरतेत काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि जहाल व मवाळ यांची फाटाफूट झाली, त्या प्रसंगी टिळक आणि अरविंद दोघेही इथे हजर होते. वातावरण कसे तापलेले असेल याची कल्पना यावरून यावी. तरुण गुणे यांनीही आजन्म ब्रह्मचारी राहून देशकार्य करायचे ठरवले आणि तो निश्चय शेवटपर्यंत पाळला.

देशकार्य म्हणजे सभा आणि भाषणेच, असे त्यांना वाटले नाही. बडोद्यात जुम्मादादा व्यायाममंदिर होते आणि तिथे राजरत्न प्रा. माणिकराव यांच्यासारखे गुरू. १९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी त्यांच्याकडे देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. शरीर कमावलेले, संस्कृत पक्के आणि मनात शंका विचारण्याची सवय. या तीन गोष्टी एकाच माणसात आल्या म्हणून पुढचे काम झाले, असे आम्हाला वाटते.

त्यांच्या आयुष्यातला पुढचा टप्पा आपल्यापैकी अनेक घरांच्या ओळखीचा आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बसले की उधना, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेर येते. लिंबायत, उधना, पांडेसरा भागातील कितीतरी कुटुंबांचे गाव त्याच मार्गावर आहे. त्या अमळनेरात खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या उभारणीत गुणे यांनी भाग घेतला आणि १९१६ साली ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. खेड्यापाड्यांतील मुले शिकल्याशिवाय देश उभा राहणार नाही, हे त्यांचे मत होते. संस्थेतील राष्ट्रीय वृत्ती इंग्रज सरकारच्या डोळ्यांत खुपली आणि १९२० साली हे महाविद्यालय बंद पडले. १९२३ पर्यंत गुणे शिकवत राहिले. १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी शिक्षक म्हणून आले. दोघे एकाच वेळी तिथे असते तर काय झाले असते, असा विचार उगाचच मनात येतो.

अमळनेरच्या या वर्षांतच, १९१९ साली, त्यांना गुरू भेटले. नर्मदाकाठी मालसर नावाच्या गावी परमहंस माधवदासजी महाराज राहत. ते मूळचे बंगाली, वयोवृद्ध आणि भारतभर हिंडलेले योगी होते. त्यांच्याकडे गुणे यांनी योगाचा रीतसर अभ्यास केला. १९२१ मध्ये माधवदासजींनी देह ठेवला, म्हणजे गुरूंचा सहवास फार थोडा लाभला. पण त्या थोड्या काळात शिष्याच्या मनात एक प्रश्न पक्का बसला. या क्रिया केल्यावर शरीरात काहीतरी घडते, हा अनुभव येतो. पण नेमके काय घडते? ग्रंथ त्याचे वर्णन प्राण, अपान, नाड्या या शब्दांत करतात. डॉक्टरांना ती भाषा कळत नाही आणि योग्यांना डॉक्टरांची. मग कळणार कसे?

त्यांनी केले ते त्या काळात जवळजवळ कुणीच केले नव्हते. १९२० च्या सुमारास बडोद्याच्या इस्पितळात काही विद्यार्थ्यांवर त्यांनी उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रियांचे प्रयोग केले. क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली, रक्तदाब तपासला. क्ष-किरण यंत्र तेव्हा नवलाईची वस्तू होते. त्यापुढे नौली करणारा विद्यार्थी उभा राहतो आहे, हे दृश्य इस्पितळातील मंडळींनी कशा नजरेने पाहिले असेल कोण जाणे.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्याला त्यांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू झाले. जगन्नाथ गुणे आता स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखले जाऊ लागले. मासिकाची रचना पाहण्यासारखी होती. एक भाग शुद्ध प्रयोगांचा, त्यात मोजमापे आणि तक्ते. दुसरा भाग थोडी जाण असलेल्या वाचकासाठी आणि तिसरा सर्वसामान्यांसाठी, त्यात आसनांची छायाचित्रे व सूचना. आधी मोजायचे आणि मग सांगायचे, हा क्रम त्यांनी मासिकाच्या बांधणीतच घालून ठेवला होता.

त्यांचा एक गाजलेला शोध इथे सांगायला हवा. हठयोगात बस्ती नावाची क्रिया आहे. साधक पाण्यात बसतो आणि पाणी मोठ्या आतड्यात आपोआप ओढले जाते. हे कसे होते, याविषयी नाना समजुती होत्या. स्वामीजींनी दाबमापक यंत्राने तपासले तेव्हा दिसले की नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो. दाब कमी झाला की पाणी आत येणारच. आपण सरबत पिताना नळीने ओढतो, तेव्हा याहून वेगळे काही घडत नाही. चमत्कार संपला, पण क्रिया खोटी ठरली नाही, उलट ती समजली. या आतल्या पोकळ दाबाला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले आणि तो माधवदास निर्वात म्हणून ओळखला गेला. दाबमापकाच्या काट्यावर गुरूचे नाव कोरण्याची ही रीत आम्हाला फार आवडली.

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे हवेकडे वळू.

विद्यार्थ्यांनो, थोडा हिशेब करा. मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेतो. प्रत्येक श्वासात सुमारे अर्धा लिटर हवा आत जाते. म्हणजे मिनिटाला सहा ते आठ लिटर. या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, बाहेर टाकलेल्या हवेत तो सुमारे १६ टक्के उरतो. शरीर मिनिटाला साधारण पाव लिटर ऑक्सिजन वापरते. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की निरोगी माणसाच्या रक्तातील हिमोग्लोबिन साध्या श्वासानेच सुमारे ९७-९८ टक्के भरलेले असते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी ओतले तर ते बाहेरच सांडणार.

लोकांची समजूत त्या काळीही अशीच होती की प्राणायाम म्हणजे जास्त ऑक्सिजन. ही समजूत योगाच्या फायद्याची होती. सुशिक्षित मंडळींना योगाकडे वळवायला ती फार सोयीची. आपली संस्था नवी, तिला देणग्या हव्यात, मासिकाला वर्गणीदार हवेत, अशा वेळी कुणी ती समजूत मुद्दाम मोडायला गेले नसते. स्वामीजींनी प्राणायामाच्या वेळी बाहेर पडणाऱ्या हवेचे पृथक्करण केले, किती ऑक्सिजन घेतला जातो आणि किती कार्बन डायऑक्साइड टाकला जातो याचे आकडे मांडले आणि ते प्रसिद्ध केले. आकडे समजुतीच्या उलट होते. श्वास लांबवून, रोखून केलेल्या प्राणायामात शरीरात जाणारा ऑक्सिजन नेहमीपेक्षा कमीच भरला. १९३१ साली निघालेल्या ‘प्राणायाम’ या पुस्तकातही त्यांनी हे स्पष्ट केले. प्राणायामाचे महत्त्व ऑक्सिजनच्या साठ्यात नाही, छाती-पोटातील दाबांच्या बदलात आणि मज्जासंस्थेवरील परिणामात आहे, असा त्यांचा विचार होता.

जो माणूस योगासाठी घरदार सोडून बसला आहे, त्याने योगाच्या बाजूचा एवढा लोकप्रिय मुद्दा स्वतःच खोडून काढावा, हे आम्हाला त्यांच्या चरित्रातील सर्वांत मोठे कृत्य वाटते. आजही, जवळजवळ शंभर वर्षांनी, तीच समजूत योगवर्गांत सांगितली जाते, हे पाहिले म्हणजे त्या कृत्याचे मोल कळते.

अर्थात एका मोजणीने विज्ञान थांबत नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहनन हे मूळचे भारतीय मानसशास्त्रज्ञ १९३० नंतरच्या वर्षांत स्वामीजींकडे शिकायला आले. त्यांनी पुढे स्वतःच्याच श्वासाची मोजणी केली आणि १९३७ साली पुस्तक लिहिले. त्यांना उलटे दिसले. उज्जायी प्राणायामात ऑक्सिजनचा वापर सुमारे पाव हिश्शाने वाढला होता. गुरू म्हणतो कमी, शिष्य म्हणतो जास्त. खरे कोणाचे? याचा उलगडा व्हायला बरीच वर्षे गेली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी १९९१ मध्ये दाखवले की श्वास थोडा वेळ रोखून केलेल्या उज्जायीत ऑक्सिजनचा वापर ५२ टक्क्यांनी वाढतो, आणि दीर्घ काळ रोखून केलेल्या प्रकारात तो १९ टक्क्यांनी घटतो. म्हणजे कुंभक किती लांब, यावर सगळे अवलंबून. दोन्हीकडच्या आकड्यांना आपापली जागा मिळाली. आणि वाढलेला वापर म्हणजे शरीरात साठलेला जादा ऑक्सिजन नव्हे, तो स्नायूंनी खर्च केलेला ऑक्सिजन, हेही विसरून चालणार नाही.

आता ऋण आयनांविषयी. पुढच्या काळात योगावरील काही पुस्तकांतून प्राण म्हणजे हवेतील ऋण आयन, असे समीकरण छापले जाऊ लागले. म्हणून इथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. हवेतील रेणूवर एखादा इलेक्ट्रॉन जास्तीचा बसला की त्याचा ऋण आयन होतो. जमिनीतून येणारा रेडॉन वायू, अवकाशातून येणारे किरण आणि फुटणारे पाण्याचे थेंब यांमुळे असे आयन सतत तयार होत असतात. धबधब्याजवळ ते जास्त असतात हे खरे आहे. जर्मनीतील लेनार्ड यांनी १८९२ सालीच याचा अभ्यास केला होता. पण प्रमाण पाहा. मोकळ्या स्वच्छ हवेत एका घन सेंटीमीटरमध्ये असे आयन काही शेकडा ते हजार-दोन हजार असतात. त्याच घन सेंटीमीटरमध्ये हवेचे एकूण रेणू किती? अडीच लिहून त्याला एकोणीस शून्ये असलेल्या संख्येने गुणा, इतके. शिवाय हे आयन धुळीला चिकटून लवकर नाहीसे होतात. पुण्याच्या हवामान खात्यात अॅना मणी आणि त्यांचे सहकारी हुद्दार यांनी १९७२ साली हवेतील धूलिकणांचा हवेच्या विद्युत गुणधर्मांवर होणारा परिणाम अभ्यासला होता. लोणावळ्यापासून ते ठिकाण दूर नाही. यंत्रमागाच्या खोलीत किंवा आपल्या रिंगरोडच्या रहदारीत आयन का टिकत नाहीत, हे त्यावरून समजते.

आयनांच्या औषधी गुणांचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता रशियाचा अलेक्झांडर चिझेव्हस्की. तो स्वामीजींचा समकालीन, १८९७ साली जन्मलेला. पहिल्या महायुद्धानंतर त्याने उंदरांवर प्रयोग सुरू केले आणि छताला टांगायचे आयन सोडणारे झुंबर तयार केले. १९४२ साली स्टालिनच्या राजवटीत त्याला अटक झाली आणि आठ वर्षे छावण्यांत काढावी लागली. तिथेही तो रक्तपेशींचा अभ्यास करत राहिला. माणूस विलक्षण होता. पण विलक्षण माणसाचा दावाही तपासावाच लागतो. १९५७ ते २०१२ या काळातील अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत चिंता, मनःस्थिती, झोप यांवर आयनांचा ठाम परिणाम आढळला नाही. फार दाट प्रमाणात आयन दिल्यास नैराश्याच्या रुग्णांना काही आराम पडल्याचे मात्र दिसले. श्वासाच्या विकारांविषयी त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या पाहणीत फायदा दिसला नाही. आयन यंत्राने धुळीचे कण भारित होऊन भिंती-पडद्यांवर बसतात, त्यामुळे हवेतील धूळ काहीशी कमी होऊ शकते. पण काही यंत्रांतून ओझोन बाहेर पडतो आणि तो फुप्फुसांना त्रासदायक असतो. विश्वस्त मंडळींनी कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी ओझोनविषयी लेखी माहिती मागावी, एवढे आम्ही इथे नोंदवतो.

पुन्हा लोणावळ्याला जाऊ. १९२७ साली रक्तदाबाने आजारी असलेल्या गांधीजींनी स्वामीजींचा सल्ला घेतला, त्यांच्यात पत्रव्यवहारही झाला. नेहरू कुटुंबाचाही संस्थेशी संबंध आला. थोरामोठ्यांच्या भेटींनी संस्थेचे नाव झाले, पण स्वामीजींचे लक्ष शाळांकडे होते. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवर त्यांनी काम केले. एका मैदानावर शंभर मुले एकाच वेळी करू शकतील अशा योगव्यायामांचा क्रम त्यांनी बसवला. त्यावरचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक १९३६ सालचे. सकाळच्या प्रार्थनेनंतर आपण मैदानावर ओळीने उभे राहून जी आसने करतो, त्या प्रकारच्या शालेय योगाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव पुढे आहे. माणिकरावांच्या आखाड्यातील कवायतीची शिस्त आणि माधवदासजींची आसने यांचा मेळ त्यांनी घातला. साधने लागत नाहीत, खर्च लागत नाही, जागा थोडी लागते. गरिबीत शिकलेल्या माणसालाच हे सुचावे.

संस्थेचा व्याप वाढत गेला. मुंबईत शाखा निघाली आणि १९३६ पासून ती मरीन ड्राइव्हवर स्थिरावली. सौराष्ट्रात राजकोटलाही केंद्र झाले. लोणावळ्यात १९५० च्या सुमारास गोवर्धनदास सेक्सरिया यांच्या नावाने योगाचे महाविद्यालय उभे राहिले आणि काही वर्षांनी योगोपचाराचे रुग्णालय. आमच्या शाळेसाठी निधी जमवताना दारोदार फिरणाऱ्या मंडळींना यातील कष्टांची कल्पना येईल. १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे अमेरिकेतील दोन संशोधक आपली यंत्रे घेऊन भारतात आले तेव्हा लोणावळ्यालाही गेले. योग्यांच्या हृदयाचे ठोके, श्वास, मेंदूच्या लहरी त्यांनी नोंदवल्या. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह स्वामीजींनी लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसिद्ध केले. तोपर्यंत त्यांचे वय ८० झाले होते.

त्यांच्यावर टीका झाली नाही असे नाही. योग हा मोक्षाचा मार्ग, त्याला काचेच्या नळ्यांत आणि दाबमापकात कसला कोंबता, असे जुन्या वळणाच्या साधकांना वाटे. उलट काही वैज्ञानिकांना प्रयोगात घेतलेल्या माणसांची संख्या फार थोडी वाटे. हा दुसरा आक्षेप आजच्या कसोटीवर बरोबर आहे. चार-दोन जणांच्या मोजमापावरून सर्वांविषयी बोलता येत नाही. मात्र त्या वेळी, एवढ्या साधनांत, दुसरे कुणी ते करतही नव्हते.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचे निधन झाले. ‘योगमीमांसा’ आजही निघते, आणि लोणावळ्याची संस्था संशोधन व शिक्षण दोन्ही करते. सहलीचे ठिकाण ठरवणाऱ्या शिक्षकांनी याची नोंद घ्यावी. लोणावळ्याला चिक्की आणि धबधबे यांपलीकडेही पाहण्यासारखे आहे.

त्यांच्या परंपरेतील एक प्रयोग सांगून थांबतो, कारण तो थेट बंद खोलीतील हवेचा आहे. जमिनीखाली पुरून घेऊन समाधी लावणारे योगी तेव्हा गावोगाव खेळ करत. ते खरेच श्वासाशिवाय राहतात का, हे तपासण्यासाठी लोणावळ्यात हवाबंद खड्डा वापरण्यात आला. त्यात माणसे बसली, योगी आणि साधी माणसेही, आणि आतील हवेची वेळोवेळी तपासणी झाली. करंबेळकर, विनेकर आणि भोळे यांचा हा अहवाल १९६८ साली, स्वामीजी गेल्यानंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. अशा बंद जागेत ऑक्सिजन संपण्याआधीच कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तोच माणसाला बेचैन करतो. बाहेरच्या हवेत तो आज सुमारे ०.०४ टक्के असतो. दारे-खिडक्या लावलेल्या वर्गात पन्नास मुले बसली की तासाभरात तो सहज दोन-तीन पट होतो, डोके जड होते, जांभया येऊ लागतात. आयन सोडणारे कोणतेही यंत्र हा वायू काढून टाकत नाही. एसीही, बाहेरची हवा आत घेण्याची सोय नसेल तर, तीच हवा गार करून फिरवत राहतो. बाहेर धूळ आहे ही पालकांची तक्रार आम्हाला मान्य आहे. तरी प्रत्येक तासिकेनंतर पाच मिनिटे समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर आतील हवा बदलते, आणि नववीच्या मुलांनी विज्ञान शिक्षकांच्या मदतीने हे मोजून पाहायला हरकत नाही. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र आता बाजारात मिळते. खिडक्या बंद असतानाचा आणि उघड्या असतानाचा आकडा लिहून आणल्यास पुढच्या अंकात आम्ही तो तक्ता छापू.